आयफोन, सॅमसंग आणि बाबांचा जुना फोन: नेट नसताना मोठा व्हिडिओ कसा द्यायचा?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. भावाच्या आयफोनवर साखरपुड्याचा १४ मिनिटांचा व्हिडिओ आहे, २.४ जीबीचा. सोबत तीनशेच्या आसपास फोटो. हे सगळं तुमच्या सॅमसंगवर घ्यायचंय आणि तिथून बाबांच्या अँड्रॉइड ८ वाल्या जुन्या फोनवर द्यायचंय. गावात रेंजची जेमतेम एक कांडी. आयफोनमधून ब्लूटूथने काहीच जात नाही. तुमच्या फोनवरून बाबांना दुसरा एक व्हिडिओ ब्लूटूथने लावला, तो तासभर चालून तुटला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला धुरकट दिसतो. म्हणून तुम्ही विचारताय की सगळ्या फोनवर चालेल असं एकच अ‍ॅप कोणतं, आणि कुणी सुचवल्याप्रमाणे शेअरइट (फाइल पाठवायचं अ‍ॅप) परत टाकावं का.

थोडक्यात उत्तर: शेअरइट टाकू नका. भावाकडून तुमच्याकडे घ्यायला तुमच्या फोनचा हॉटस्पॉट आणि ‘लोकलसेंड’ हे मोफत अ‍ॅप वापरा. तुमच्याकडून बाबांकडे द्यायला फोनमध्ये असलेलं ‘क्विक शेअर’ पुरेल. मोबाइल डेटा फक्त एकदा, लोकलसेंड उतरवून घेताना लागेल. नंतरचं काम डेटा बंद ठेवून होतं.

आता कारणं सांगतो. ती कळली की पुढच्या वेळी फोन बदलले तरी तुमचं तुम्हाला सुचेल.

ब्लूटूथचा वेग मुळातच कमी आहे. फाइल पाठवायला फोन अजूनही जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ वापरतात. त्याचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ३ मेगाबिट. त्याला आठाने भागा आणि वरखर्च वजा करा, हातात सेकंदाला साधारण ०.२ एमबी पडतात. तुमचा २.४ जीबीचा व्हिडिओ या चालीने जायला सव्वातीन तासांहून जास्त लागतील. एवढ्या वेळात कुणाचा तरी फोन येतो, कुणीतरी फोन उचलून दुसऱ्या खोलीत जातं, बॅटरी सेव्हर लागतो, आणि फाइल तुटली की पुन्हा पहिल्यापासून. ‘माझ्या फोनला ब्लूटूथ ५.३ आहे, मग हळू का?’ असं बरेच जण विचारतात. ५ मध्ये वाढलेला वेग कमी ऊर्जेवर चालणाऱ्या वेगळ्या प्रकाराचा आहे. गॅलरीतून ‘शेअर – ब्लूटूथ’ करून जाणाऱ्या फाइलला त्याचा काही फायदा मिळत नाही.

आयफोनची गोष्ट आणखी वेगळी. इतर फोन ब्लूटूथने फाइल पाठवायला जी ठरलेली पद्धत वापरतात ती अ‍ॅपलने आयफोनमध्ये दिलेलीच नाही. दोन्ही फोन जोडले गेल्यासारखे दिसले तरी फाइल जाणार नाही. तिथे तुमचं काही चुकत नव्हतं, त्यामुळे सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका.

मग आयफोनमधलं एअरड्रॉप आणि अँड्रॉइडमधलं क्विक शेअर झपाट्याने कसे चालतात? दोन्हींमध्ये कामाची वाटणी असते. शेजारी कोण आहे हे ब्लूटूथ शोधतं, ओळख पटवतं आणि बाजूला होतं. खरा माल वायफाय नेतं, तोही राउटर मध्ये न घेता एका फोनवरून थेट दुसऱ्यावर. म्हणून ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू ठेवावे लागतात. इंटरनेट मात्र लागत नाही. वायफाय चालू असणं आणि इंटरनेट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘गावात नेट नाही’ म्हणून अनेक जण वायफायच बंद करून बसतात.

वेग किती मिळेल ते परिस्थितीवर आहे. दोन्ही फोन ५ गिगाहर्ट्झचं वायफाय बोलत असतील तर सेकंदाला २५ एमबी आणि वर सहज मिळतात, म्हणजे तुमचा व्हिडिओ दीड-पावणेदोन मिनिटांत. एकजण जरी फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला असला तर ४ एमबीच्या आसपास, म्हणजे दहा मिनिटं. बाबांच्या फोनच्या बाबतीत मला हीच शंका आहे. त्या काळातल्या बऱ्याच स्वस्त फोनना ५ गिगाहर्ट्झ नव्हतंच.

आता कोणाचं कोणाशी जमतं ते. दोन आयफोनमध्ये एअरड्रॉप; ते २०१३ मध्ये आयफोनवर आलं, आयफोन ५ पासून चालतं. दोन अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर. ऑगस्ट २०२० मध्ये गुगलने ते ‘नियरबाय शेअर’ नावाने आणलं, अँड्रॉइड ६ पासून पुढच्या फोनसाठी. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगचं आणि गुगलचं एकत्र करून ‘क्विक शेअर’ हे एकच नाव ठेवलं. ते गुगलच्या प्ले सर्व्हिसेस या फोनमधल्या आतल्या अ‍ॅपमधून अपडेट होतं, म्हणून बाबांच्या जुन्या फोनवरही सापडायला हवं. न सापडल्यास कधीतरी वायफाय असलेल्या ठिकाणी प्ले सर्व्हिसेस अपडेट करून घ्या.

आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात वर्षानुवर्षं भिंत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल १० पासून तिला पहिलं भगदाड पाडलं: क्विक शेअर एअरड्रॉपशी बोलू लागलं. तुमच्या सॅमसंगवर ही सोय आहे का, हे मॉडेल आणि अपडेट यांवर अवलंबून आहे. तपासायला अर्धं मिनिट पुरतं. आयफोनवर सेटिंग्ज – जनरल – एअरड्रॉप इथे ‘एव्हरीवन फॉर १० मिनिट्स’ करा, मग तुमच्या गॅलरीत एक साधा फोटो निवडून शेअर – क्विक शेअर दाबा. भावाच्या आयफोनचं नाव यादीत उमटलं तर फारच छान, खालची हॉटस्पॉटची खटपट वाचली. उमटलं नाही तर तिथे अडून बसू नका.

आता हॉटस्पॉटची पद्धत सविस्तर सांगतो, कारण तुमचं खरं घोडं इथेच अडलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट भावाच्या फोनवर पाहा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया जाईल. सेटिंग्जमध्ये वर त्याचं नाव – आयक्लाउड – फोटोज इथे ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ निवडलेलं असेल तर जागा कमी पडल्यावर मूळ व्हिडिओ आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यात जातो आणि फोनमध्ये लहान प्रत उरते. पाठवताना आयफोन मूळ फाइल नेटवरून ओढायला बघतो, एका कांडीत ती येत नाही, आणि आपल्याला वाटतं शेअरिंग बिघडलं. व्हिडिओ नुकताच काढलेला आणि फोनमध्ये भरपूर जागा असेल तर तो बहुधा फोनमध्येच आहे. खात्रीसाठी मोबाइल डेटा बंद करून तो मधूनमधून चालवून पाहा. गोल चकरी फिरत राहिली तर मूळ फाइल फोनवर नाही. मग आधी चांगलं वायफाय असलेल्या ठिकाणी ती उतरवून घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट जागेची. तुमच्या सॅमसंगवर व्हिडिओ आणि फोटो मिळून ४ जीबी तरी मोकळे हवेत. आयफोनवरही ३ जीबी मोकळे ठेवा. व्हिडिओ फोटोजमधून उचलताना त्याची एक तात्पुरती प्रत तयार होते, तिला जागा लागते.

आता हॉटस्पॉट कोणी द्यायचा? तुमच्या सॅमसंगने. आयफोनचा हॉटस्पॉट चालू करायला त्याचा मोबाइल डेटा चालू असावा लागतो, आणि नेटवर्क डळमळलं की तोही डळमळतो. अँड्रॉइडवर मोबाइल डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट चालतो, आणि आपल्याला तेच हवंय. डेटा बंद असला की भावाचा आयफोन मागच्या दाराने तुमचा डेटा खाऊन आयक्लाउडचा बॅकअप काढत बसणार नाही.

सॅमसंगवर सेटिंग्ज – कनेक्शन्स – मोबाइल हॉटस्पॉट अँड टेदरिंग – मोबाइल हॉटस्पॉट इथे जा. बँड ५ गिगाहर्ट्झ निवडा, पासवर्ड ठेवा, चालू करा. भावाने वायफायच्या यादीतून तो जोडायचा. आयफोन ‘इंटरनेट कनेक्शन नाही’ असं म्हणेल. म्हणू द्या, जोडलेलाच राहा. आपण इंटरनेटसाठी जोडत नाही आहोत, दोन फोनना एका खोलीत आणतोय एवढंच.

हे काम घरातल्या राउटरवरही होतं. पण राउटरवर प्रत्येक तुकडा दोनदा हवेतून जातो, आयफोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून सॅमसंगकडे. हॉटस्पॉटवर एकदाच जातो, कारण इथे सॅमसंग स्वतःच राउटर आहे. शिवाय हॉटेल, हॉल, हॉस्टेल अशा ठिकाणच्या पाहुण्यांच्या वायफायवर एका फोनने दुसऱ्याला बघूच नये अशी बंदी घातलेली असते. तिथे लोकलसेंड कितीही वेळा उघडा, समोरचा फोन दिसत नाही. कार्यालयातल्या वायफायवर अडलात तरी उपाय हाच, आपला हॉटस्पॉट.

दोन्ही फोनवर लोकलसेंड उघडा. पहिल्यांदा उघडताना आयफोन विचारतो की या अ‍ॅपला स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधू द्यायची का. इथे ‘अलाउ’च दाबायचं. घाईत नकार दिला गेला तर सेटिंग्ज – प्रायव्हसी अँड सिक्युरिटी – लोकल नेटवर्क इथे लोकलसेंडसमोरचं बटण चालू करा. आयफोनवरून काहीच दिसत नाही अशा तक्रारींत मी सगळ्यात आधी इथे पाहायला सांगतो.

अ‍ॅप प्रत्येक फोनला एक विशेषण आणि एक फळ किंवा भाजी जोडून नाव देतं, तेव्हा यादीत ‘स्ट्रॅटेजिक कॅरट’ असं काही दिसलं तर दचकू नका. तो तुमचाच फोन असतो. भावाने ‘सेंड’ – ‘मीडिया’मधून व्हिडिओ निवडायचा, खाली तुमच्या फोनचं नाव आलं की त्यावर बोट ठेवायचं, आणि तुम्ही तुमच्या पडद्यावर ‘अ‍ॅक्सेप्ट’ करायचं. निवडल्यावर लगेच हालचाल दिसली नाही तर थोडं थांबा. प्रत तयार होत असते.

नाव दिसत नसेल तर दोन्हीकडे व्हीपीएन असल्यास बंद करा. तरीही नसेल तर तुमच्या फोनवर ‘रिसीव्ह’च्या पानावर कोपऱ्यातल्या माहितीच्या चिन्हावर फोनचा आयपी पत्ता दिसतो. भावाच्या फोनवर ‘सेंड’च्या पानावर पत्ता हाताने टाकायची सोय आहे, तिथे तो टाका. शोधण्याचा टप्पा हॉटस्पॉटवर कधी कधी फसतो, पण पत्ता दिला की फाइल ठीक जाते.

पाठवणं चालू असताना आयफोनचा पडदा मिटू द्यायचा नाही. पडदा मिटला किंवा भाऊ दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेला की आयफोन मागच्या अ‍ॅपला झोपवतो आणि फाइल मध्येच तुटते. सेटिंग्ज – डिस्प्ले अँड ब्राइटनेस – ऑटो-लॉक ‘नेव्हर’ करा. ते बटण फिकं दिसत असेल आणि ३० सेकंदांवरच अडलं असेल तर लो पॉवर मोड चालू आहे. तो आधी बंद करा. बॅटरी कमी असेल तर चार्जर लावूनच बसा.

फोन एकाच टेबलावर हातभर अंतरात ठेवा. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडून हे करू नका. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी भिंतीला लवकर हार मानतं.

फोटो तीनशे एकदम न लावता पन्नास-साठच्या गठ्ठ्याने पाठवा. वेग तेवढाच राहतो, पण एखादा फोटो अडकला तर सगळी वरात थांबत नाही, आणि काय आलं काय राहिलं हे मोजता येतं. आलेलं गॅलरीत दिसलं नाही तर ‘माय फाइल्स’मधल्या डाउनलोड फोल्डरमध्ये पाहा.

इथवर झालं की तुमच्याकडून बाबांकडे. सुरुवातीलाच एक काम: तुमचा हॉटस्पॉट बंद करा. आत्ताच वापरलेला असल्यामुळे तो चालूच राहतो आणि क्विक शेअरच्या वायफायला जागा अडवतो. मग फाइल ब्लूटूथवरूनच सरपटत राहते, आणि क्विक शेअरही हळूच आहे असा समज होतो.

दोन्ही फोनवर वायफाय आणि ब्लूटूथ चालू करा. बाबांच्या फोनवर लोकेशनही चालू करा. आजूबाजूचे वायफाय-ब्लूटूथ शोधणं म्हणजे ठिकाण शोधण्यासारखंच, असं जुनं अँड्रॉइड मानतं, म्हणून लोकेशन बंद असलं की शेजारचा फोनही दिसत नाही. बॅटरी सेव्हर दोन्हीकडे बंद. घरात राउटर असेल तर वायफाय चालू ठेवूनच त्याच्यापासून फोन तोडा. साध्या फोनमध्ये वायफायचा रेडिओ एकच असतो. तो राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ वाहिनीला बांधलेला असला तर दुसऱ्या फोनशीही त्याच गर्दीच्या वाहिनीवरून बोलावं लागतं.

बाबांच्या फोनवर सेटिंग्ज – गुगल इथे क्विक शेअर किंवा जुन्या नावाने नियरबाय शेअर सापडेल. तिथे ‘एव्हरीवन’ निवडा, म्हणजे फोन थोड्या वेळासाठी सगळ्यांना दिसेल. पडदा उघडा ठेवा. तुमच्या गॅलरीतून व्हिडिओ – शेअर – क्विक शेअर – बाबांच्या फोनचं नाव. बाबांनी ‘अ‍ॅक्सेप्ट’ करायच्या आधी दोन्ही पडद्यांवरचा पिन सारखा आहे का तेवढं पाहा.

सुरुवातीचे काही क्षण फाइल ब्लूटूथवरून निघते, मग फोन आपोआप वायफायवर उडी मारतात. ही उडी फसली तर काटा हलत नाही. मिनिटभराने एक-दोन टक्क्यांवरच असेल तर वाट पाहू नका. रद्द करा, दोन्हीकडचं वायफाय बंद-चालू करा, पुन्हा लावा. दहा टक्क्यांनंतर वेग पकडला की मग फोनना हात लावू नका.

सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये लिंक तयार करून पाठवायचाही पर्याय दिसतो. तो इथे नको. त्यात फाइल आधी नेटवर चढते आणि समोरचा नेटवरून उतरवतो. तुमच्या एका कांडीवर २.४ जीबी चढणार नाहीत. बाबांच्या फोनवरच्या डेटा वापराच्या पर्यायात ‘विदाउट इंटरनेट’ निवडून ठेवलंत तर चुकूनही डेटा जाणार नाही.

आता एक कटू गोष्ट आधीच सांगतो: फाइल पोचली म्हणजे ती बाबांच्या फोनवर दिसेलच असं नाही. २०१७ पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ आणि व्हिडिओ ‘एचईव्हीसी’ या प्रकारांत साठवतो, कारण ते कमी जागा घेतात. १४ मिनिटं म्हणजे २.४ जीबी हा तुमचा आकडा ४के, सेकंदाला ३० चित्रं, एचईव्हीसी याच्याशी बरोबर जुळतो. त्यात मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. एचईआयसी फोटो उघडायची भरवशाची सोय अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ९ पासून आली. बाबांचा फोन ८ वर आहे. तिथे हे फोटो बहुधा राखाडी चौकोन म्हणून पडून राहतील. व्हिडिओ एकतर अडखळेल किंवा आवाज येईल आणि चित्र गोठेल, कारण ४के उलगडण्याची ताकद त्या चिपमध्ये बहुधा नाही.

म्हणून बाबांना मूळ प्रत देण्याचा हट्ट धरू नका. मूळ प्रत तुमच्या सॅमसंगवर जपा. बाबांसाठी व्हिडिओची १०८०पी किंवा ७२०पी, एच.२६४ (जुन्या फोनवरही चालणारा प्रकार) प्रत कोणत्याही साध्या व्हिडिओ संपादन अ‍ॅपमधून काढा. ७२०पीमध्ये ती काहीशे एमबीच भरेल, त्यांच्या पडद्यावर फरकही कळणार नाही, आणि क्विक शेअरने २.४ गिगाहर्ट्झवरही दोन-तीन मिनिटांत जाईल. फोटोंसाठी सॅमसंग गॅलरीच्या सेटिंगमध्ये शेअर करताना एचईआयएफ (म्हणजे हेच एचईआयसी) प्रकारचे फोटो बदलून पाठवायचा पर्याय आहे, तो चालू करा, म्हणजे बाबांकडे जेपीईजी जातील. आधी एकच फोटो पाठवून तिकडे उघडतोय का बघा, मग उरलेले लावा.

आणि पुढच्या कार्यक्रमाला भावाला आधीच सांगा की सेटिंग्ज – कॅमेरा – फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेव. त्याच्या फोनमध्ये जागा जास्त लागेल, पण घरातल्या सगळ्यांना फोटो जसेच्या तसे उघडतील. आयफोन १२ किंवा पुढचा असेल तर व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये एचडीआरही (उजेड आणि रंग जास्त खुलवून टिपायची सोय) बंद करा. एचडीआर व्हिडिओ जुन्या पडद्यावर धुतल्यासारखा फिका दिसतो आणि मग कॅमेरा वाईट होता असं वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा धुरकटपणा गॅलरीतून पाठवल्यामुळे येतो, तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, पण त्याला २ जीबीची मर्यादा आहे आणि नेट लागतंच. तुमचा २.४ जीबीचा त्यात बसत नाही.

घरात ओटीजी (थेट फोनला लागणारा) पेनड्राइव्ह असेल तर तोही चांगला मार्ग आहे, विशेषतः आयफोन १५ किंवा पुढचा असेल तर, कारण त्याला टाइप-सी आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा असला की तिन्ही फोन तो वाचतील. मात्र त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तुमची बसते.

शेअरइटबद्दल. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात शेअरइट आणि तसंच दुसरं झेंडर, दोन्ही होते. म्हणजे आज कुणी तुम्हाला ते देतंय ते प्ले स्टोअरवरून नाही, कुठल्यातरी संकेतस्थळावरची किंवा दुसऱ्याच्या फोनमधली एपीके, म्हणजे अ‍ॅप थेट बसवायची फाइल देतंय. तिच्यात काय मिसळलंय हे तुम्हाला पाहता येत नाही, आणि असं अ‍ॅप फोटो, संपर्क, लोकेशन सगळ्याची परवानगी मागतं. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे त्यावर हे कशाला? याच कारणाने शेअरिंगमधून आलेली कोणतीही एपीके उघडू नका, ओळखीच्या माणसाने दिली तरी. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके पाठवून खाती रिकामी करणारे बरेच आहेत, आणि ज्याच्याकडून ती येते त्याचाच फोन आधी फसलेला असतो. बाबांना हे नीट समजावून सांगा. कधी फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने फोन करायचा.

काम झालं की ‘एव्हरीवन’ पुन्हा ‘काँटॅक्ट्स’वर आणा. नवे फोन दहा मिनिटांनी आपोआप आणतात, पण पाहून घेतलेलं बरं. एसटीत किंवा लोकलमध्ये अनोळखी माणसाकडून फोटो स्वीकारायची विनंती येते ती या उघड्या दारामुळेच.

रोजच्या लहान कामांनाही हेच वापरता येतं. घरचा वायफाय पासवर्ड पाहुण्यांना ओरडून सांगू नका. अँड्रॉइड १० पासून वायफायच्या सेटिंगमध्ये शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो, आयफोनचा कॅमेराही तो वाचतो. फोन नंबर द्यायला संपर्क उघडून शेअर करा, ती .व्हीसीएफ फाइल ब्लूटूथवरूनही क्षणात जाते आणि साध्या बटणांच्या फोनवरही सहसा उघडते. ब्लूटूथ अजून कामाचं आहे ते इथे: एखाद-दोन एमबीचं, कोणत्याही जुन्या फोनला. झेरॉक्सच्या दुकानात आधार किंवा सातबाऱ्याची पीडीएफ द्यायची असेल तर क्विक शेअरने नंबर न देता काम होतं, पण प्रत त्यांच्या फोनमध्ये राहतेच. छापून झाल्यावर समोरच डिलीट करायला सांगा, आणि आधारची फक्त शेवटचे ४ अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत चालत असेल तर तीच द्या.

भाऊ जागेसाठी मूळ व्हिडिओ लगेच उडवायच्या तयारीत असेल तर थोडं थांबवा. तुमच्याकडच्या फाइलचा आकार त्याच्याकडच्याशी जुळतो का पाहा आणि शेवटचं मिनिट चालवून बघा. तुटलेली फाइल सुरुवातीला अगदी व्यवस्थित चालते आणि शेवटाला उघडी पडते. उडवलाच असेल तर आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये तो ३० दिवसांपर्यंत सापडतो.

बाबांच्या फोनचं नेमकं मॉडेल आणि त्यातली मोकळी जागा इथे लिहा. त्याला ५ गिगाहर्ट्झ आहे का आणि त्यांच्यासाठी १०८०पी ठेवायचं की ७२०पी, हे त्यावरून ठरवू.